चवथीच्या चंद्राची काच

ठमाबाईच्या शिव्या ऐकायला लोक चेंदणीपासून चरईपर्यंत चालत येत, असं सांगितलं तर आज कुणाला पटायचं नाही. पण ठाण्यात आगगाडी येऊन एक पिढी लोटली होती त्या दिवसांत, वर्षातून एका संध्याकाळी खरोखरच तसं घडे. ती संध्याकाळ गणेशचतुर्थीची. त्या दिवशी चंद्राकडे पाहायचं नाही, पाहिलं तर खोटा आळ येतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. गणपती उंदरावरून घसरला, चंद्र फिदीफिदी हसला आणि देवानं त्याला शाप दिला. पण माणसाची मान ती. पाहू नको म्हटलं की हमखास वर जाते. मग उतारा काय? शेजाऱ्याच्या कौलांवर खडा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. यायचा तो आळ शिव्यांच्या रूपानं तिथल्या तिथे येऊन जातो आणि माणूस मोकळा होतो.

आता शिव्या खायच्याच तर त्या देणारं तोंडही तालेवार हवं. ठमाबाई कौपिनेश्वराच्या देवळापाशी फुलं आणि दूर्वा विकणारी विधवा. एरवी तिचा आवाज फुलांच्या पाटीपलीकडे जात नसे. पण चतुर्थीच्या संध्याकाळी कौलावर खडा वाजला की दार उघडे, पदर खोचलेली ठमाबाई ओट्यावर येई, आणि आधी नुसती उभी राही. काय ते उभं राहणं! कसलेल्या नटानं शिकावं असं. सारी गल्ली श्वास रोखून धरी. मग खालच्या पट्टीत सुरुवात, आणि बघता बघता आवाज वर, वर, थेट पिंपळाच्या शेंड्यापर्यंत. प्रत्येकाला त्याची त्याची शिवी. एकाची दुसऱ्याला देणं तिला कमीपणाचं वाटे. हे सारं चालू असताना डावा तळहात मात्र कपाळाशी धरलेला असे, पश्चिमेच्या अंगाला आडोसा करून. "उभ्या जन्मात चवथीचा चंद्र ह्या डोळ्यांनी पाहिला न्हाई," असं ती सांगे, आणि तो तिचा एकुलता एक अभिमान होता.

तिच्या समोरच्या घरात त्र्यंबकराव टिपणीस राहत. सरकारी मोजणीच्या कचेरीत ते नकाशांच्या नकला करत. ठाणे जिल्ह्यातलं असं खाजण नसेल, असं मिठागर नसेल, ज्याची हद्द त्यांच्या टाकाखालून गेली नाही. आणि यातलं बहुतेक त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "बांध कुठं आहे ते मला कागदावर दिसतं, चिखलात कशाला जाऊ?" असं ते म्हणत. अंगानं काटकुळे, बोलणं मऊ. शकुन-अपशकुन ते मानत नसत, पण मानणाऱ्याला हसतही नसत. मांजर आडवं गेलं की बायकोसाठी क्षणभर थांबत आणि मग चालू लागत. पुढचं सगळं दुःख या भल्या सवयीतूनच निघालं.

त्यांच्याकडे एक पितळी दुर्बीण होती. ती चेंदणीच्या जनाबाई कोळणीची. तिचा नवरा गलबतावर तांडेल होता. तो वारल्यावर जनाबाई ती फडक्यात गुंडाळून घेऊन आली. जनाबाई म्हणजे अर्ध्या ठाण्याची सुईण. त्र्यंबकरावांची मालन तिच्याच हातात जन्मली होती. "घ्या दादा," ती म्हणाली. "मेलेल्याचा डोला घरान ठेवाचा नाय. तुमी तरी कायतरी बगाल."

त्र्यंबकरावांनी पाहिलं ते चंद्राकडे. जमिनीचे नकाशे काढून झिजलेल्या त्या माणसाला तिथे एक नवा मुलूख सापडला. ना तलाठी, ना खोत, ना हद्दीचे तंटे. माडीच्या खिडकीच्या गजावर दुर्बीण टेकवून ते कागदावर एकेक डाग, एकेक खळगा मांडत बसत. शाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात चंद्राचा नकाशा होता, आणि त्यात त्या काळ्या डागांना समुद्र म्हणून नावं दिलेली होती. त्र्यंबकरावांनी ती मराठीत उतरवली होती: अमृताचा समुद्र, सुफळतेचा समुद्र, संकटांचा समुद्र.

त्या साली एका नाटक मंडळीनं नवरात्रात ठाण्याला मुक्काम टाकायचं ठरवलं. त्यांच्या खेळात चंद्रोदय होता. त्या काळचा रंगभूमीवरचा चंद्र म्हणजे पडद्याला पाडलेलं भोक आणि मागे धरलेली समई. वारा आला की चंद्र विझे, आणि नायिका चांदण्यात न्हाऊन निघाल्याचं पद अंधारात पुरं करी. तरी लोक रडत, हो! पण या मंडळीच्या मालकानं मुंबईहून जादूचा कंदील आणला होता. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग. मध्ये रंगवलेली काच सरकवली की चित्र मोठं होऊन पडद्यावर पडे.

"टिपणीस," मालक म्हणाले, "आम्हाला खराखुरा चंद्र द्या. बीजेपासून पुनवेपर्यंत, कलेकलेनं वाढणारा. प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला पाहिजे." आणि कंदील त्यांच्याकडे ठेवून मालक पुढच्या गावी गेले.

पावसाळा तोंडावर होता. त्र्यंबकरावांनी ढगांच्या फटींतून एकेक तिथी वेचली. ज्या दिवशी आभाळ उघडेल त्या दिवसाची कला कागदावर, कागदावरून काचेवर. भाद्रपद उजाडला तेव्हा सगळ्या काचा तयार होत्या. राहिली होती ती फक्त चवथीची.

आणि चतुर्थीच्याच संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं.

खाली गणपतीपुढे समई तेवत होती. मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. ती माडीच्या जिन्यावर टेकून बसली होती.

"अहो, खिडकी लावा," मालनची आई रखमाबाई खालूनच ओरडल्या.

"लावतो. थोडं थांब."

"आज थांबायचं नाही. आज तो बघायचा नाही."

"मी कुठं बघतोय? मी मोजणी करतोय."

"मोजणीवाल्याला शाप लागत नाही वाटतं?" रखमाबाई वर आल्या. "पुढच्या महिन्यात येईल की चवथ."

"पुढच्या चवथीला मंडळी इथं येऊन बसलेली असतील. आणि तेव्हा आभाळ कसं असेल कुणी सांगावं?"

"बाबा, आज नको ना," मालन हळूच म्हणाली.

पण त्र्यंबकरावांचा डोळा दुर्बिणीला लागलेला होता. कोर पिवळसर, बारीक, जमिनीकडे झुकलेली. तिच्या उजेडात एक लांबट काळा डाग स्वच्छ उमटला होता, मिटत आलेल्या डोळ्यासारखा. "संकटांचा समुद्र," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?" रखमाबाईंनी विचारलं.

"काही नाही. त्या डागाचं नाव."

"असली नावं कोण ठेवतं?"

"परदेशातल्या पंडितांनी ठेवलीत. पाणी थेंबभरही नाही तिथं."

"मग समुद्र कसला?"

"लांबून तसा दिसला म्हणून. आणि हा बघ शेजारी सुफळतेचा समुद्र. अर्धा उजेडात आहे, अर्धा..."

ते थांबले. सुफळतेच्या समुद्राचा काठ काळोखात बुडाला होता. मालननं दोन्ही हात पोटावर घेतले.

काच रंगवून झाली तसा रखमाबाईंनी हट्ट धरला. "माझ्यासाठी नको, तिच्यासाठी. एक खडा टाका आणि त्या ठमाबाईच्या शिव्या खाऊन या. तुमचं काय जातंय?"

"कर्म माझं," त्र्यंबकराव हसले. बायकोसाठी मांजराला थांबणारा माणूस खडा टाकायला का मागे सरेल? अंगणातून त्यांनी सुपारीएवढा खडा उचलला आणि समोरच्या कौलांवर टाकला. टक् करून आवाज झाला.

गल्लीतले लोक ओट्यांवर बसूनच होते. शेजारचा प्रभाकर, मोठा टवाळ, मांडी ठोकून म्हणाला, "आले टिपणीस! आज पंडितालाही आहेर मिळणार!"

दार उघडलं नाही.

"दुसरा टाका. म्हातारीला हल्ली कमी ऐकू येतं."

त्र्यंबकरावांनी दुसरा खडा टाकला. तो कौलांवरून घरंगळला; कुठे पडला ते अंधारात कळलं नाही. गल्ली वाट पाहत राहिली. कुणीतरी खोकलं. लांब कुठेतरी आरतीची झांज वाजत होती, ती थांबली. प्रभाकर आधी हसत होता, मग त्याचं हसूही थांबलं.

लोकांनी दार ढकललं. ठमाबाई देवाच्या कोनाड्यासमोर कुशीवर पडली होती. भोवती जास्वंदी सांडलेल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, आणि घशातून नुसता घरघर आवाज.

"कुठून आला दगड?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. छपरात एक कौल फुटलेलं होतं. त्या भोकातून चवथीचा चंद्र आत पाहत होता.

जो तो डोळे झाकून मागे सरला. पण उशीर झाला होता. साऱ्या गल्लीनं एका क्षणात चंद्र पाहिला होता, आणि ज्या तोंडाच्या शिव्यांनी तो दोष उतरायचा ते तोंड जमिनीवर वाकडं होऊन पडलं होतं.

त्र्यंबकरावांना त्या भोकाखाली ठेवलेलं घंगाळ दिसलं. त्यात पावसाचं पाणी साठलेलं होतं. "हे बघा," ते म्हणाले, "कौल आधीच फुटलंय. गळतीला म्हातारीनं हे ठेवलंय. माझा खडा सुपारीएवढा होता."

"पहिला होता. दुसरा?" प्रभाकरनं विचारलं. त्याच्या आवाजात टवाळी उरली नव्हती. "घंगाळ काय, पूजेला पाणी भरून ठेवलं असेल."

वैद्य आले. अर्धांगवायू आहे, म्हणाले, अंगावर कुठं खरचटलेलंही नाही, म्हणाले. लोकांनी ऐकून घेतलं आणि मानलं नाही. त्र्यंबकरावांवर आळ आला. चंद्र पाहून येतो तोच, तसाच.

त्यानंतरचे दिवस दबक्या पावलांनी गेले. त्र्यंबकराव कचेरीला निघाले की ओट्यावरची माणसं आत जात. ठमाबाईला गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं पेज भरवत. रखमाबाई पेज घेऊन गेल्या तेव्हा त्यांना उंबऱ्यावरूनच परत लावलं. मालननं सुपारी कातरायला अडकित्ता घेतला तर तिच्या हातातून तो गळून पडला, आणि आई-लेकी एकमेकींकडे पाहत राहिल्या. टिपणिसांकडे घरात गर्भारशी असली की गणपती बोळवत नसत, त्यामुळे मूर्ती तशीच कोपऱ्यात बसून होती. फुलं सुकत, नवी चढत. त्र्यंबकराव माडीवर जाताना तिच्यासमोरून खाली मान घालून जात. आपण असं का करतो, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. मात्र दुसरा खडा कुठे पडला असेल, हे ते रोज अंथरुणावर विचारत.

मग जनाबाईचा निरोप आला: मी येणार नाही.

त्र्यंबकराव स्वतः चेंदणीला गेले. ती खाडीच्या काठी जाळं झटकत होती. मागे वळली नाही.

"जनाबाई, मालनला तू या जगात आणलीस."

"आनली."

"मग तिच्या वेळेला पाठ फिरवतेस?"

"दादा, माज्याच घरवाल्याच्या दुर्बिनीन तुमी त्यो बगितला. ठमाबाय पडली. आता माजा हात मालनला लागला न काय वाकडं झालं, त माजा हात कापून टाकू काय?" ती आता वळली. "ठमाबायच्या तोंडची एक शिवी पडूं दे. येकच. न बोलवता येन मी."

"ती कधी बोलेल?"

जनाबाईनं भरतीकडे पाहिलं आणि ती पुन्हा जाळं झटकू लागली.

पितृपक्ष लागला. आणि एका दुपारी मालनला कळा सुरू झाल्या.

गल्लीतली एकही बाई उंबरा ओलांडेना. दुसऱ्या सुईणीला बोलावणं धाडलं. तिनं पाय मुरगळल्याचं सांगितलं. दिवेलागणीला मालनच्या ओरडण्याचा सूर बदलला. रखमाबाई धावत बाहेर आल्या. "मूल फिरत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही हो. काहीतरी करा."

त्र्यंबकरावांनी जनाबाईकडे माणूस पळवला: "दारापाशी ये, आत येऊ नको, पण ये." आणि स्वतः ते समोरच्या घरात शिरले. पेज भरवायला आलेली बाई त्यांना पाहून बाहेर पळाली.

ठमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीला खिडकी नव्हती. छपराच्या भोकावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं.

"ठमाबाई," ते गुडघ्यांवर बसले, "मला शिव्या दे. माझी लेक अडलीय. माझं वाटोळं कर, पण एक शिवी दे."

तिनं ऐकलं. ओठ हलले. घशातून घरघर आली, शब्द आला नाही. उघड्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं.

त्र्यंबकरावांची नजर तिच्या हातावर गेली. तिचा डावा हात लुळा पडला होता. तोच हात, पश्चिमेला आडोसा करणारा. त्यांना ओट्यावरची ती दरवर्षीची ठमाबाई आठवली. ते ताडकन उठले, घरी धावले, आणि मंडळीचा कंदील छातीशी धरून जिना उतरले.

"आता हे काय?" रखमाबाई किंचाळल्या. "तिला काय दाखवायला चाललात?"

"तिनं जन्मात जे पाहिलं नाही ते."

बाहेर लोक जमले होते. जनाबाई गाठोडं काखेत धरून कोपऱ्यावर उभी होती, एक पाऊलही पुढे न टाकता. आभाळात चंद्र नव्हता. पितृपक्षातला चंद्र, तो उशिरा उगवायचा. त्र्यंबकरावांनी दार लोटून घेतलं, दिवा पेटवला, काच सरकवली.

ठमाबाईच्या डोळ्यांसमोरची भिंत उजळली. त्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर चवथीचा चंद्र उगवला, सुपाएवढा, परातीएवढा, आढ्यापर्यंत. पिवळी कोर, तिच्यातले खळगे, आणि तो लांबट काळा डाग, मिटत आलेल्या डोळ्यासारखा. म्हातारीनं मान वळवायचा प्रयत्न केला, मान वळेना. हात उचलायचा प्रयत्न केला, हात उठेना. पापणीही मिटेना. तिला पाहावंच लागलं. त्या क्षणी त्र्यंबकरावांना वाटलं, हे पातक त्या खड्याहून मोठं आहे.

"मे..." ठमाबाईच्या घशातून आलं. "मे... मे..."

बाहेरून मालनची किंकाळी आली.

"मेल्या!"

तो शब्द कौलांना भिडला. आणि मग बांध फुटल्यासारखं पाणी आलं. "मेल्या! काळतोंड्या! चवथीचा चंद्र दावतोस मला? तुझ्या टाकाला वाळवी लागो! तुझ्या पगडीत उंदीर वितील! खापरतोंड्या, तुझ्या डोळ्यांत मीठ पडो!" अर्ध्या तोंडातून येणारे वाकडे शब्द, पण आवाज तोच, पिंपळाच्या शेंड्यापर्यंत जाणारा.

बाहेर एक हुंदका फुटला. प्रभाकर धावत दारापाशी आला आणि चक्क हात जोडून ओरडला, "मलाही दे, ठमाबाई! मीही पाहिलाय! आम्हा सगळ्यांना दे!"

"परभ्या, भाड्या, तुझ्या मिशीला गोचीड लागोत!" आतून आलं, आणि प्रभाकर ओट्यावर डोकं टेकून रडू लागला.

जनाबाईनं पुढचं काही ऐकलं नाही. गाठोडं घेऊन ती टिपणिसांच्या घरात घुसली होती. "पानी तापवा! न दारं लावा, बघे कोन नको!"

खोलीत काच तडकली. दिव्याची आच जास्त झाली होती. चीर त्या काळ्या डागातूनच आरपार गेली आणि भिंतीवरचा चंद्र दुभंगला. ठमाबाई गप्प झाली.

मूल पायाळू होतं. जनाबाई घामानं निथळत बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर निळसर पडलेली एक पोर होती, नुकतीच रडायला लागलेली. "लेक हाय," ती म्हणाली. "मालन वाचली. आजून जरा उशीर झाला असता दादा, त..." पुढचं तिनं पदरानं पुसून टाकलं.

बाळंतपणाचं सुवेर फिटल्यावर गणपती मासुंद्याच्या तळ्यात बोळवला. मूर्तीबरोबर त्र्यंबकरावांनी ती तडकलेली काचही पाण्यात सोडली. नवरात्रात मंडळीचा खेळ झाला तेव्हा पडद्यावरचा चंद्र तिजेवरून एकदम पंचमीवर उडी मारी. प्रेक्षकांच्या कधी ध्यानात आलं नाही. जुनी नटमंडळी मात्र तेवढ्या जागी एकमेकांकडे पाहत.

ठमाबाई त्यानंतर एक शब्द बोलली नाही. मार्गशीर्षात गेली. तिला खांदा द्यायला प्रभाकरच्या आधी त्र्यंबकराव पुढे झाले, आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

पुढच्या चतुर्थीला चरईच्या गल्लीत संध्याकाळीच खिडक्या लागल्या. आता पाहायचं नव्हतं. पाहिलं तर उतरवणारं कुणी उरलं नव्हतं. मालन लेक घेऊन सणाला आली होती. माडीवर नात आजोबांच्या मांडीत होती. खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पिवळी रेघ आत आली होती आणि पोर तिच्याकडे झेपावत होती. त्र्यंबकरावांनी तळहातानं तिचे डोळे झाकले. त्या छोट्या पापण्या हाताखाली फडफडत राहिल्या.

थोड्या वेळानं त्यांनी दुसऱ्या हातानं आपलेही डोळे झाकून घेतले.